आखूड पल्ल्याची विजेची मोटार आणि काशीचे रस्ते

मोटार घेऊ इच्छिणारा मनुष्य पूर्वी विक्रेत्यास पहिला प्रश्न विचारीत असे तो 'लिटरला किती जाते?' हा. विजेच्या मोटारीने त्या प्रश्नाचे शब्द बदलले, वृत्ती तीच राहिली : 'एकदा चार्ज केली की किती जाते?' ज्या मोटारीचा प्रत्यक्षातील पल्ला शंभर-दीडशे किलोमीटरच आहे, ती या प्रश्नावर नापास ठरते आणि ग्राहक अधिक मोठ्या बॅटरीच्या, पर्यायाने अधिक मोठ्या कर्जाच्या मोटारीकडे वळतो. पल्ल्याच्या आधी विचारावयाचा प्रश्न वेगळाच आहे, आणि तो म्हणजे ही मोटार रात्री उभी कोठे राहणार? वाराणसी नगराच्या उदाहरणाने हे स्पष्ट करण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

वाराणसीचेच उदाहरण घेण्यास दोन कारणे आहेत. बदलीच्या निमित्ताने उत्तर प्रदेशात जाणारे बँकांतील मराठी अधिकारी व कर्मचारी, तसेच ब्रह्मा घाट, दुर्गा घाट, पंचगंगा घाट या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या वसलेली मराठी कुटुंबे, या दोहोंनाही हे नगर परके नाही. दुसरे कारण असे की, आखूड पल्ल्याच्या विजेच्या वाहनावर रोजचा संसार कसा चालवावा, हे या नगराला मोटारींच्या आधीच ई-रिक्षांनी शिकविले आहे.

ई-रिक्षांची शिकवण

ई-रिक्षांना देशात कायद्याचे स्पष्ट अधिष्ठान मिळाले ते मोटार वाहन कायद्यातील २०१५ च्या दुरुस्तीने. तत्पूर्वी २०१४ च्या जुलैअखेरीस दिल्ली उच्च न्यायालयाने राजधानीत त्यांच्या चालण्यावर बंदी घातली होती. नियमांनी या वाहनाचा कमाल वेग ताशी २५ किलोमीटर आणि प्रवासी चार असे ठरविले. १ मे २०१६ रोजी वाराणसीत पंतप्रधानांच्या हस्ते ई-रिक्षांचे आणि गंगेत चालणाऱ्या विजेच्या नौकांचे वितरण झाले. आज कँट स्थानकाबाहेर, लंकेवर किंवा मैदागिनच्या चौकात उभे राहिले असता हे वाहन नगराच्या अंगवळणी किती पडले आहे, ते निराळे सांगावे लागत नाही.

या रिक्षांत दीर्घकाळ शिसे-आम्लाच्या, म्हणजे घरच्या इन्व्हर्टरला असतात तशाच, बॅटऱ्या वापरल्या गेल्या; बारा व्होल्टच्या चार एकापुढे एक जोडून अठ्ठेचाळीस व्होल्ट. अनुभवी चालकाची रीत पाहण्यासारखी असते. तो आपल्या ठरलेल्या रस्त्याच्या किती फेऱ्या एका चार्जिंगमध्ये होतात ते जाणतो. दुपारी भोजनाच्या वेळी रिक्षा प्लगला लागते. शेवटची लांबची सवारी, भाडे कितीही आकर्षक असले तरी, तो नाकारतो. पल्ला किती, यापेक्षा परतीस किती लागेल हा त्याचा हिशेब असतो. आखूड पल्ल्याच्या मोटारीच्या मालकाने यापैकी बहुतेक गोष्टी जशाच्या तशा उचलाव्यात.

एक गोष्ट मात्र उचलू नये. शिसे-आम्लाची बॅटरी भरलेली असणे पसंत करते. अर्धवट रिकामी ठेवल्यास तिच्या पत्र्यांवर क्षार धरतात व ती लवकर निकामी होते. आधुनिक मोटारींतील लिथियम बॅटरीचा स्वभाव याच्या उलट आहे. पूर्ण भरलेल्या अवस्थेत, तेही उन्हात, दीर्घकाळ ठेवणे तिला मानवत नाही, आणि तळाशी जाणेही मानवत नाही. साधारणपणे वीस ते ऐंशी टक्क्यांच्या मध्ये ती सुखी असते. काही प्रकारच्या लिथियम बॅटऱ्यांना ठरावीक दिवसांनी एकदा पूर्ण चार्ज करण्याची सूचना उत्पादक देतात. ती पुस्तिकेत पाहून पाळावी. भारतात २००१ साली बंगळुरूहून 'रेवा' ही छोटी मोटार बाजारात आली तेव्हा तिच्यात शिसे-आम्लाच्याच बॅटऱ्या होत्या व तिचा पल्ला ऐंशी किलोमीटर सांगितला जाई. त्या काळातील पुष्कळ सल्ले आजही तोंडी फिरत असतात. ते त्या बॅटरीपुरते खरे होते.

आपला दिवस किती लांब?

वाराणसीची भूमी सपाट आहे. मराठी माणसाच्या मनात 'घाट' म्हटले की खंडाळ्याची वळणे उभी राहतात आणि चढावर खर्च होणारे इंधन आठवते. काशीचे घाट म्हणजे पायऱ्या, तेथे मोटारीचे काम नाही. राजघाटाचा मालवीय पूल किंवा एखादा उड्डाणपूल सोडला तर चढ असा नाहीच. अंतरेही मर्यादित आहेत. नगराच्या मध्यापासून सारनाथ सुमारे दहा किलोमीटर, बाबतपूरचा विमानतळ सुमारे पंचवीस. लंकेवर राहणाऱ्या कुटुंबाने पाहुण्यांना विमानतळावरून आणले आणि त्याच दिवशी सारनाथही दाखविले, तरी एकूण अंतर शंभर किलोमीटरच्या आतच राहते. नित्याचे म्हणाल तर कार्यालय, शाळा, भाजीबाजार मिळून पंचवीस-तीस किलोमीटर क्वचितच ओलांडले जातात.

म्हणून खरेदीपूर्वी एक महिनाभर रोजचे अंतर एका वहीत टिपून ठेवावे. या तीस आकड्यांची सरासरी काढू नये. त्यातील सर्वांत मोठे तीन आकडे पाहावेत. सर्वांत मोठ्या दिवसाच्या अंतरात एक अनपेक्षित फेरी, उदाहरणार्थ रात्री रुग्णालयात जाऊन येण्याची, मिळवावी आणि त्यावर पाचवा हिस्सा राखीव धरावा. ही बेरीज मोटारीच्या प्रत्यक्ष पल्ल्यात बसत असेल तर त्याहून मोठी बॅटरी घेणे म्हणजे न लागणाऱ्या रकमेवर व्याज भरणे होय.

प्रत्यक्ष पल्ला म्हणजे जाहिरातीतील नव्हे. उदाहरणार्थ, एमजी कंपनीची 'कॉमेट' ही २०२३ साली आलेली दोन दारांची छोटी मोटार १७.३ युनिटांच्या बॅटरीवर २३० किलोमीटर चालेल असे प्रमाणित आकडा सांगतो. शंभर किलोमीटरला दहा युनिट हा सावध हिशेब धरला तर हाती १७० च्या आसपास राहतात, आणि वीस टक्के राखून ठेवले तर सुमारे १४०. नियोजन याच आकड्यावर करावे. मोटार चालविताना पडद्यावरील उरलेल्या किलोमीटरांवर विसंबू नये. तो मागील काही वेळच्या चालीवरून काढलेला अंदाज असतो व वातानुकूलन चालू करताच बदलतो. टक्क्यांचा आकडा अधिक विश्वासू. 'घर ते विमानतळ ते घर : इतके टक्के' अशी दोन-चार अंतरे पाठ झाली की चिंता संपते.

वाहतुकीच्या कोंडीविषयी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. देवदीपावली, महाशिवरात्र, श्रावणातील सोमवार, किंवा २०२५ च्या जानेवारी-फेब्रुवारीत प्रयागराजच्या महाकुंभामुळे काशीत झालेली गर्दी, अशा प्रसंगी दोन किलोमीटरला दीड तास लागू शकतो. पेट्रोलची मोटार अशा वेळी उभ्या-उभ्या इंधन जाळते. विजेची मोटार उभी असता इंजिन म्हणून काहीच खर्च करीत नाही; खर्च होतो तो वातानुकूलनाचा, तासाला सुमारे एक युनिट. म्हणजे दीड तासाच्या कोंडीत पंधरा किलोमीटरचा पल्ला गेला. कोंडीत अडकल्यावर घाबरून चार्जिंगची जागा शोधीत आडरस्त्याला लागण्यापेक्षा काचा थोड्या खाली करून बसावे. मंद गतीत ही मोटार जवळजवळ निःशब्द असते, हेही ध्यानात असू द्यावे. काशीचा सांड पेट्रोलच्या मोटारीसही सहसा वाट देत नाही, विजेच्या मोटारीची तर त्यास वार्ताही नसते. पादचाऱ्यांचेही तसेच.

रात्रीचा प्लग

आता मूळ प्रश्नाकडे. पक्का महालातील, म्हणजे घाटांलगतच्या जुन्या गल्ल्यांतील, घरांपर्यंत मोटार पोहोचतच नाही. ती दूर एखाद्या वाहनतळावर किंवा ओळखीच्या आवारात उभी राहते. तेथे वीज मिळण्याची पक्की सोय नसेल तर अशा कुटुंबाने आखूड पल्ल्याची विजेची मोटार घेऊ नये, असे स्पष्ट मत नोंदविणे योग्य वाटते. सार्वजनिक चार्जिंग केंद्रावर विसंबून मोठ्या बॅटरीची मोटार चालविता येते, कारण तेथे आठवड्यातून एकदा जावे लागते. छोट्या बॅटरीसाठी दर दोन-तीन दिवसांनी जाणे म्हणजे नित्याचा जाच. शिवाय छोट्या मोटारींपैकी काहींना जलद चार्जिंगची सोयच नसते. त्यांच्यासाठी घरचा प्लग हाच एकमेव पंप आहे.

सिगरा, महमूरगंज, सुंदरपूर, शिवपूर अशा वस्त्यांत जेथे आवारात मोटार उभी राहते, तेथे चित्र पूर्ण पालटते. सोळा अँपिअरचा साधा पॉवर प्लग, जो घरात गिझरला किंवा वातानुकूलकाला वापरला जातो तोच, तासाला साधारण पंचवीस किलोमीटरचा पल्ला भरतो. दिवसाचे तीस किलोमीटर म्हणजे सव्वा तास. रात्रभरात सहा तास वीज मिळाली तरी दीडशे किलोमीटर जमा होतात. खर्चापेक्षा जमेची क्षमता पाचपट असेल तर खाते उणे होण्याचे भय कसले?

परंतु हा प्लग नीट बसविलेला असला पाहिजे. त्याची तार वितरण पेटीपासून स्वतंत्र व पुरेशा जाडीची हवी, तिच्यावर स्वतःचा एमसीबी आणि गळती होताच वीज तोडणारे उपकरण हवे. अर्थिंग खरे आहे ना, हे तारतंत्र्याकडून मोजून घ्यावे. जुन्या घरांत तिसरे छिद्र केवळ शोभेसाठी असते आणि अर्थिंग न सापडल्यास बहुतेक मोटारी चार्जिंगच स्वीकारीत नाहीत. गिझर तासभर चालतो, मोटार सलग सहा तास तोच भार ओढते. कामचलाऊ एक्स्टेन्शन बोर्ड या कामी वितळलेले पाहावयास मिळतात. ते वापरूच नये.

वीज देयकावर 'मंजूर भार' किती किलोवॅट लिहिला आहे तेही पाहावे. दोन किलोवॅटच्या घराने तीन किलोवॅटची मोटार जोडली तर भार ओलांडला जाणारच. पूर्वांचल विद्युत वितरण निगमाकडे अर्ज करून भार वाढवून घ्यावा. स्थिर आकार थोडा वाढतो, परंतु नंतरची नोटीस टळते. घरच्या जोडणीवरून स्वतःची मोटार चार्ज करण्यास केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांनी मुभा दिलेली आहे. भाड्याच्या घरात राहणाऱ्या, म्हणजेच बदलीवर आलेल्या सहकाऱ्यांनी घरमालकाची संमती भाडेकरारातच लिहून घ्यावी आणि प्लगला छोटा उपमीटर लावावा. महिन्याअखेर युनिटांचा हिशेब रोख चुकता केला की कटुता राहत नाही.

उन्हाळ्यात सायंकाळी दाब उतरतो व वीज जातेही. रात्री अकरानंतर चार्जिंग सुरू होईल अशी वेळ मोटारीत लावून ठेवावी. तोवर दिवसभर तापलेली बॅटरीही थोडी निवलेली असते. वीज जाऊन परत आल्यावर चार्जिंग आपोआप पुन्हा सुरू होते की नाही, हे पहिल्याच आठवड्यात मुद्दाम मेन स्विच बंद करून पाहून ठेवावे. सकाळी साडेनऊला हे कळणे सोयीचे नाही. इन्व्हर्टरवर मोटार चार्ज करण्याची कल्पना काहींना सुचते. दीडशे अँपिअर-तासाच्या इन्व्हर्टर बॅटरीत पावणेदोन युनिट असतात; घर अंधारात ठेवून पंधरा किलोमीटर मिळवावे, असा तो व्यवहार आहे.

ऊन, धुके आणि पूर

मे-जूनमध्ये येथील पारा पंचेचाळीसकडे झुकतो. मोटार सावलीत उभी करणे हा उपाय साधा, पण बॅटरीच्या आयुष्यासाठी सर्वांत मोलाचा. निघण्यापूर्वी दहा मिनिटे, मोटार प्लगला असतानाच, वातानुकूलन चालू करावे. थंड करण्याचा मोठा खर्च मग घरच्या विजेवर पडतो. जानेवारीच्या धुक्यात पल्ला काहीसा घटतो व चार्जिंग मंदावते, इतकेच.

पावसाळ्याची बाब गंभीर आहे. वाराणसीत गंगेची धोक्याची पातळी ७१.२६ मीटर मानली जाते. १९७८ च्या सप्टेंबरात पाणी ७३.९० मीटरपर्यंत चढले होते. गंगा फुगली की वरुणेचे पाणी उलटे फिरते आणि नदीपासून दूर वाटणाऱ्या वस्त्या जलमय होतात. बॅटरीची पेटी जलरोधक असते खरी. आयपी ६७ या दर्जाचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास, असा आहे. चार दिवस पाण्यात उभी राहिलेली मोटार त्यात बसत नाही. सखल भागात राहणाऱ्यांनी पूर येण्यापूर्वी मोटार उंच जागी हलवावी आणि विम्यात पुराची जोखीम व बॅटरीचे नुकसान अंतर्भूत आहे का, हे पॉलिसी उघडून वाचावे. पाण्यात बुडालेली मोटार प्लगला लावणे किंवा चालू करणे धोक्याचे असते. ती सपाट वाहनावर चढवूनच कार्यशाळेत न्यावी. चाके जमिनीवर ठेवून ओढल्यास मोटर बिघडू शकते.

लांबच्या प्रवासाविषयी थोडक्यात. प्रयागराज सुमारे सव्वाशे किलोमीटर आहे. आखूड पल्ल्याच्या मोटारीने तेथवर जाता येईल, परतीसाठी रात्र काढावी लागेल. काशीसारख्या रेल्वेच्या मोठ्या नाक्यावर राहून हा अट्टाहास कशासाठी करावा, हे समजत नाही. वर्षातील अशा पाच-सहा दिवसांसाठी आगगाडी किंवा भाड्याची मोटार असावी. उरलेल्या साडेतीनशे दिवसांसाठी आपली.

हप्ता आणि बचत

विजेच्या मोटारीने पैसा वाचतो, हे विधान अर्धेच खरे आहे. हिशेबासाठी वीज युनिटला साडेसहा रुपये, पेट्रोल लिटरला ९५ रुपये, आणि नगरात पेट्रोलची मोटार लिटरला १५ किलोमीटर, असे धरू. महिन्याला १,००० किलोमीटर चालविल्यास विजेचे १०० युनिट, चार्जिंगमधील गळती धरून ११५. खर्च सुमारे ७५० रुपये. पेट्रोलचा खर्च सुमारे ६,३०० रुपये. बचत साडेपाच हजारांवर. तेच कुटुंब महिन्याला ४०० किलोमीटरच फिरत असेल तर वीज ३०० रुपये, पेट्रोल अडीच हजार, बचत २,२०० च्या जवळपास. तशाच पेट्रोल मोटारीपेक्षा विजेची मोटार समजा दोन लाखांनी महाग असेल, तर पहिल्या कुटुंबाचा फरक तीन वर्षांत भरून निघतो आणि दुसऱ्याचा साडेसात वर्षांत. कर्जावरील व्याज त्यात धरलेलेच नाही.

येथे एक विसंगती लक्षात येते. ज्याचे फिरणे थोडे त्यास आखूड पल्ला पुरतो, पण ज्याचे फिरणे थोडे त्याची बचतही थोडी. आखूड पल्ल्याची मोटार परवडते ती तिची किंमत मुळात कमी असेल तेव्हा, किंवा तिचा मालक रोज पल्ल्याच्या मर्यादेजवळ फिरत असेल तेव्हा. शांतता, धुराचा अभाव, गिअर बदलण्याच्या कटकटीतून सुटका, या कारणांसाठी घेणाऱ्याने खुशाल घ्यावी. बचतीसाठी घेणाऱ्याने आधी किलोमीटर मोजावेत.

कर्जाची मुदत बॅटरीच्या हमीपेक्षा मोठी नसावी. बहुतेक मोटारींच्या बॅटरीस आठ वर्षांची हमी मिळते. क्षमता किती टक्क्यांखाली गेल्यास ती लागू होते, हे हमीपत्रात वाचावे. ई-रिक्षा घेणाऱ्यांच्या बाबतीत हा मुद्दा जीवनमरणाचा आहे. शिसे-आम्लाच्या बॅटऱ्यांचा संच कर्ज फिटण्यापूर्वीच बदलावा लागतो, त्या महिन्यात हप्ता थकतो, आणि थकबाकीचे मूळ चालकाच्या वृत्तीत शोधले जाते. कर्ज मंजूर करतानाच संचाची किंमत बारा-पंधरा महिन्यांत विभागून तेवढ्या रकमेचे आवर्ती ठेव खाते उघडून देणे, हे शाखेतील अधिकाऱ्याच्या हातचे काम आहे.

करसवलतींविषयी सावधगिरी बाळगावी. विजेच्या वाहनांवरील वस्तू व सेवा कर १ ऑगस्ट २०१९ पासून बारा टक्क्यांवरून पाच टक्के झाला. आयकराच्या ८० ईईबी कलमाखालील व्याजाची वजावट मात्र ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांपुरतीच होती. नव्या कर्जास ती गृहीत धरू नये. उत्तर प्रदेशाच्या २०२२ च्या धोरणातील रस्ता-कराची माफी ठरावीक मुदतीची होती, तेव्हा खरेदीच्या दिवशी काय लागू आहे ते परिवहन कार्यालयात विचारावे. राष्ट्रीयीकृत बँकांच्या कर्मचाऱ्यांना सप्टेंबर २०२१ पासून 'बीएच' मालिकेची नोंदणी घेता येते व बदलीनंतर राज्य बदलले तरी नवा क्रमांक लागत नाही. पण राज्याची पूर्ण माफी मिळत असेल तर बीएचचा कर महाग पडू शकतो. दोन्ही आकडे मांडून मगच अर्ज करावा.

जुनी मोटार घेत असाल तर विक्रेत्याच्या शब्दापेक्षा एक छोटी परीक्षा पुरे. पूर्ण चार्ज करून वातानुकूलनासह वीस किलोमीटर नित्याच्या रस्त्यांवर चालवावी. वीस टक्के खर्च झाले तर पल्ला शंभर उरला आहे, तीस झाले तर सत्तरच्याही खाली. आपल्या वहीतील तीन मोठ्या आकड्यांशी तो ताडून पाहावा आणि किंमत त्यावर ठरवावी.

दिवाळीत किंवा मेच्या सुटीत महिनाभर महाराष्ट्रात जाताना मोटार पन्नास-साठ टक्क्यांवर, सावलीत, प्लग काढून ठेवावी. मुख्य बॅटरी शाबूत असूनही दिवे व कुलपे चालविणारी बारा व्होल्टची छोटी बॅटरी दरम्यान उतरू शकते आणि मग दारही उघडत नाही. किल्ली शेजाऱ्यांकडे देऊन पंधरवड्यातून एकदा अर्धा तास मोटार सुरू ठेवावयास सांगावे.